गावाचं सामायिक कॅलेंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चावडीच्या भिंतीवर एक मोठा कागद आणि त्याचीच फोनवर नक्कल, असं आमच्या गावाचं कॅलेंडर गेली काही वर्षं चालू आहे. कोरेगाव तालुक्यातलं थोडं बागायत, थोडं जिरायत असं हे गाव. कागदाचे फोटो फिरत फिरत आटपाडी-शिराळ्यापर्यंत पोचले आणि तेव्हापासून कुणाचा ना कुणाचा निरोप येतोच. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं इथं एका जागी केली. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत, फक्त "दादा, एक विचारू का" एवढं कापलंय.

१. घरोघरी छापील कॅलेंडर टांगलेलं असतंच. मग हे आणखी एक कशाला?

छापील कॅलेंडर मुंबईकराला तेच आणि आम्हालाही तेच. त्यात एकादशी कळते, बँकेची सुट्टी कळते. पण पाटाचं आवर्तन कधी सुटतंय, ओढा कधी वाहता झाला, भैरोबाच्या यात्रेचा मांडव कधी पडणार, हे त्यात कुठून येणार? आमच्या कागदावर प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी लागतात: केव्हा, कुठं आणि कशावरून. "पाऊस आला" अशी नोंद आम्ही घेत नाही. "वरच्या माळाच्या पाझर तलावात पहिलं पाणी, सकाळी गुरं सोडताना पाहिलं" ही घेतो, आणि शेजारी पाहणाऱ्याची सही. सही मागितली की निम्म्या नोंदी आपोआप गळतात.

२. तांबडी, निळी, हिरवी शाई कशासाठी?

तांबडं म्हणजे तिथीनं चालणारं: सण, यात्रा, एकादश्या. निळं म्हणजे तारखेनं चालणारं: शाळा, पाणीपट्टी, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा. मृग-आर्द्रासुद्धा निळ्यात, ते का ते प्रश्न ४ मध्ये. हिरवं म्हणजे खुणेनं चालणारं: पळस फुलला, पावशा ओरडला, ओढा आटला. हिरव्यात आधी काहीच लिहीत नाही, घडल्यावर लिहितो. त्यामुळं गुढीपाडव्याला कागद लावला की एक पट्टा पार कोरा दिसतो. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं छापणाऱ्यानं फसवलं.

३. वर्ष जानेवारीपासून का नाही धरत?

पाडवा ते पाडवा धरतो, कारण आमच्याकडं देणी-घेणी, सालगडी आणि यात्रेची वर्गणी पाडव्यावरच ठरते. बाकी वर्षं किती म्हणाल तितकी आहेत. सरकारी हिशोब १ एप्रिलपासून, कोयनेचं जलवर्ष १ जूनपासून, आणि १९५७ पासून देशानं स्वीकारलेलं भारतीय सौर वर्ष २२ मार्चपासून, लीप वर्षी २१ मार्चपासून. त्या सौर कॅलेंडरची तारीख सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर आहे, गावात मात्र ती कुणी विचारल्याचं आठवत नाही.

४. सण दरवर्षी मागं-पुढं सरकतात, मृग मात्र ७-८ जूनलाच निघतो. असं कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सण चंद्रावर चालतात. अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. पाडवा बघा: २०२४ ला ९ एप्रिल, २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च. असाच सरकत राहिला असता तर पाडवा थंडीत आला असता. तसं होऊ नये म्हणून अधिक महिना घालतात (प्रश्न ५) आणि २०२७ चा पाडवा परत ७ एप्रिलला जातो.

मृगाचा चंद्राशी संबंधच नाही. मृग निघाला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकात सूर्याचा मुक्काम तेरा-चौदा दिवस. इंग्रजी तारीखही सूर्यावरच चालते, म्हणून दोन्ही जुळतात. आपल्या आज्या-पणज्यांनी हातात घड्याळ नसताना दोन घड्याळं चालवली: देव चंद्रावर, पेरा सूर्यावर. पंचांग कळत नाही म्हणणारी म्हातारी माणसंही "आर्द्रा निघाल्या, अजून रान कोरडं" हे न चुकता सांगतात.

५. अधिक महिन्यात मृग निघाला तर पेरायचं की थांबायचं?

पेरायचं. २०२६ चा अधिक ज्येष्ठ घ्या: १७ मे ते १५ जून. मृग त्याच्या पोटातच निघतो. "अधिकात शुभकार्य नको" हे ऐकून काहींनी विचारलं की तिफण बाहेर काढायची का नाही. अधिक महिना हा चंद्राच्या हिशोबातली तूट भरायला घातलेला जोड आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. साधारण ३२-३३ महिन्यांनी एकदा येतो. जमिनीची ओल, सूर्याचं नक्षत्र, ढग यांना त्याचा पत्ताही नसतो.

फरक पडतो तो वारीला. आषाढी २०२५ ला ६ जुलैला होती, २०२६ ला २५ जुलैला. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढं जाते. एरवी आमचे वारकरी पेरणीच्या धांदलीतनं किंवा पेरणी घरच्यांवर टाकून चांदोबाच्या लिंबाचं रिंगण गाठतात. अधिकाच्या वर्षी पालखी तीनेक आठवडे उशिरा येते, म्हणजे पेरून, उगवण बघून, जमलं तर एक कोळपणी उरकून निघता येतं. माळकरी मंडळी त्या वर्षी जरा निवांत दिसतात ती त्यामुळं. कागदावर अधिक महिना आम्ही तांबड्या तिरप्या रेघांनी भरतो.

६. मोहरम आणि उरूस कुठल्या शाईत लिहिता?

तांबड्यात, पण खाली तुटक रेघ. हिजरी वर्षही चंद्राचंच, ३५४ दिवसांचं, पण त्यात अधिक महिना नाही. त्यामुळं मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येत येत सगळे ऋतू फिरतो. तेहतीसेक वर्षांत एक फेरी पुरी होते. मोहरमची दहावी २०२२ ला ९ ऑगस्टला होती, २०२४ ला १७ जुलैला. २०२५ ला तर ६ जुलैला आली, आषाढी एकादशीच्याच दिवशी. कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला आमच्याकडनं हिंदू-मुसलमान दोन्ही जातात. ज्यांनी तो सोहळा थंडीत पाहिला आणि ज्यांनी पावसात पाहिला, ते दोघंही खरंच सांगत असतात. तुटक रेघ यासाठी की चंद्रदर्शनावर एक दिवस इकडंतिकडं होतो.

७. पावसाची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं लिहिता का? यंदा वाहन म्हैस आहे म्हणे, पाऊस होईल का?

नक्षत्रं लिहितो, गावातल्या नावांसकट. पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा, आश्लेषा म्हणजे आसळका, मघा सासूचा, पूर्वा सुनेचा, हस्त म्हणजे हत्ती. सासूचा जास्त पडला की सुनेचा, यावर दरवर्षी पारावर वाद होतो आणि त्याची नोंद कुठल्याच शाईत होत नाही.

वाहनं लिहीत नाही. वाहन काढायची रीत साधी आहे: सूर्य नक्षत्रात शिरताना चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते बघायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव की हत्ती ते ठरवायचं. म्हणजे वाहन सांगतं ते एवढंच, की त्या घटकेला चंद्र सूर्यापासून किती लांब होता. तेच वाहन महाबळेश्वरलाही आणि म्हसवडलाही. एकाला छत्री पुरत नाही, दुसऱ्याला ढग दिसत नाही.

म्हणींचं मात्र वेगळं. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" किंवा "न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा" या म्हणीत भाकीत कमी आणि पिकाची अवस्था जास्त आहे. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास निघतात, तेव्हा भात पोटरी-निसवणीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असतो आणि नेमकं त्याच वेळी त्याला पाणी लागतं. अशा म्हणी आम्ही समासात लिहितो.

८. हिरवी खूण धरायची कशी? पळस तर कुठंही फुलतो.

म्हणूनच "पळस फुलला" असं लिहायचं नाही. एक झाड ठरवायचं आणि दरवर्षी तेच बघायचं. आम्ही पहिल्या वर्षी बहाव्याला चुकलो. शाळेच्या कुंपणाला एक बहावा आहे, स्मशानाच्या वाटेला दुसरा. शाळेचा फुलला तो दिवस लिहिला. पुढच्या वर्षी नोंद करणारा बदलला आणि त्यानं स्मशानाजवळचा धरला. लगेच चर्चा, यंदा बहावा लांबला, पाऊस लांबणार. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की शाळेच्या बहाव्याच्या बुडाशी हात धुवायच्या नळाचं पाणी मुरतं, त्याचं वेळापत्रकच वेगळं. आता स्मशानाच्या वाटेवरचा कायम केलाय. बुंध्याला चुन्याचा पट्टा आहे, आणि पहिला पिवळा घोस पूर्ण लोंबला की नोंद, कळ्या दिसल्या म्हणून नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी पाच-सहा खुणांच्या वर जाऊ नये. आमच्या आहेत: माळावरचा पळस, तो बहावा, पावशाची पहिली हाक, पाझर तलावातलं पहिलं पाणी, गौरीला तेरडा मिळाला का, आणि ओढा तुटला तो दिवस. तेरड्याची नोंद बायकांकडं आहे. गौरी तिथीनं येतात, तेरडा पावसानं येतो. गौरी लवकर आल्या की कधीकधी तेरडा कळीतच असतो आणि पोरींना लांबच्या बांधापर्यंत जावं लागतं. तांबडी आणि हिरवी शाई एकाच चौकोनात भेटते ती इथं.

९. पावशा "पेरते व्हा" म्हणाला की पेरलं तर चालेल ना?

नाही. पावशा वळवाच्या ढगालाही ओरडतो. मृगाच्या तोंडावर एक सर पडली, पावशा ओरडला, सोयाबीन टाकलं आणि पुढं वीस दिवस उघाड, हे ज्यानं भोगलंय त्याला दुबार पेरणीचं बियाणं किती महाग पडतं हे विचारा. कृषी विभागाचा सल्ला साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरण्याचा असतो. खुरप्यानं उकरून वीतभर ओल लागते का ते बघा. पावशाची नोंद आम्ही ठेवतो ती तुलनेसाठी, हुकमासाठी नाही.

१०. दोन पंचांगांत तिथी वेगवेगळी आली तर काय करता?

चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढं गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल सारखी नसल्यानं कधी तिथी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी तो तिचा दिवस. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच संपली तर क्षय, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. गणित करणाऱ्यांच्या पद्धतींत थोडा फरक असला तरी अशा काठावरच्या दिवशी पंचांगं भांडतात. एकादशीला स्मार्त आणि भागवत असा आणखी एक फाटा असतो. वारकऱ्यांची ती भागवत.

आमचा नियम: यात्रेचा दिवस गुरव आणि यात्रा कमिटी ठरवणार, कागदावर एकदाच लिहिला जाणार, नंतर कुणी काकाचा फोन दाखवून खोडायचा नाही. बावधनचं बगाड रंगपंचमीला असतं. तिथंही गाव एकाच दिवसावर येतं म्हणूनच बगाड ओढलं जातं.

११. फोनच्या कॅलेंडरवर "दरवर्षी" लावून टाकलं की झालं ना?

निळ्याला चालेल. तांबड्याला लावाल तर फसाल, आणि हे मी स्वतः करून बसलोय. आमची यात्रा चैत्र वद्य अष्टमीची. २०२४ ला ती १ मे रोजी आली, सुट्टीच होती, सगळे पाहुणे आले. मी उत्साहानं फोनवर "दरवर्षी" दाबलं आणि घरच्या सगळ्यांना पाठवून दिलं. २०२५ ला यात्रा २१ एप्रिलला झाली. मुंबईच्या आत्याला मी फोन करायचा राहिलो, कारण फोन आठवण करणारच होता. त्या ३० एप्रिलला रात्रीच्या गाडीनं, पिशवीत देवाचं पातळ घेऊन उतरल्या. पाळणे जाऊन आठवडा झालेला. मैदानात पत्रावळ्या आणि मोडलेला फुगा. आत्या काही बोलल्या नाहीत, देवाला पातळ नेसवून आल्या. पण त्या वर्षापासून गटावर तांबडी नोंद टाकायचा अधिकार माझ्याकडनं काढून चुलत बहिणीकडं दिलाय.

आता दर पाडव्याला तांबड्या नोंदी नव्यानं एकेक करून भरतो. तासभर लागतो.

१२. आमचं गाव माणमध्ये आहे. तुमचंच कॅलेंडर वापरलं तर चालेल का?

तांबडं आणि निळं बरंचसं चालेल, हिरवं अजिबात नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला ५०० च्या आसपास. सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडं उरतो तो उरलासुरला. तुमचा भरवसा मृगावर कमी आणि उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर जास्त, कारण तुमची शाळू त्याच ओलीवर उभी राहते. तुमच्या यात्राही वेगळ्या. शिखर शिंगणापूरचा चैत्र, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी. कोरा कागद घ्या आणि आपला सुरू करा.

१३. आम्ही सांगलीचे, कृष्णाकाठचे. पुराची तारीख कशी मांडायची?

तारीख मांडूच नका, फूट मांडा. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे सांगलीत पोराटोराला पाठ असतं. आपल्या गल्लीत, आपल्या घराच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा आयर्विनला किती फूट होतं, ही एक नोंद शंभर अंदाजांना भारी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हाच्या खुणा भिंतींवर असतील, त्या पुसायच्या आत मोजून घ्या.

नक्षत्र हवंच असेल तर एक बघा. २००५ चा पूर जुलैअखेरीस सुरू झाला, २०२१ चा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे म्हातारा आणि आसळका. त्या चार आठवड्यांत कागदपत्रं माळ्यावर असावीत, इतका अर्थ त्यातनं नक्की काढता येतो.

१४. ऊस, हळद, द्राक्षांची कामं यात टाकता का?

दुसऱ्याच्या कामाशी अडकतात तेवढीच. उसाची आडसाली लावण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू हंगामाची डिसेंबरनंतर, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. पण तोडणीच्या टोळ्या कधी येणार, पाणंद रस्ता ट्रॅक्टरसाठी कधी मोकळा हवा, मोटारीला रात्रीची लाईट कुठल्या आठवड्यात, हे सगळ्यांना लागतं. तासगावकडच्या मित्रांनी त्यांच्या कागदावर द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि बेदाण्याचे शेड उभे राहायचे दिवस टाकलेत, कारण मजूर तेच आणि मागणारे चौघं. हळदीची लावण अक्षय तृतीयेला करतात. ती तिथी २०२४ ला १० मे, २०२६ ला १९ एप्रिल अशी हलते. हळदीला तेवढा ढिलाव चालतो, म्हणून ती परंपरा टिकली असावी असं मला वाटतं.

१५. कासला फुलं कधी? तारीख सांगा, गाडी ठरवायचीय.

कास आमच्या गावचं नाही. एवढं सांगतो: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, आणि त्यातही दर आठवड्याला पठाराचा रंग बदलतो. हंगामात आधी नोंदणी करावी लागते. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिला "दरवर्षी" तर सोडाच, तिथीही लागू पडत नाही. गाडी ठरवण्याआधी त्या आठवड्यात जाऊन आलेल्याला विचारा.

१६. संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला. ती तर सूर्याची ना?

बरोबर पकडलंत. लीप वर्षामुळं ती १४-१५ असा झोका घेते. पण त्याशिवाय एक अगदी संथ सरकणंही आहे. आपलं पंचांग सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भानं मोजतं, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या संदर्भानं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, म्हणून दोहोंत साधारण ७० वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. त्याच हिशोबानं पणजोबांचा मृगही दोनेक दिवस अलीकडं निघत असणार. आपल्या हयातीत याची काळजी करायचं कारण नाही.

१७. प्रत्येक नोंदीला "कुठं" लिहायचं म्हणता. मग मोहोळ, घरटं दिसलं तर तेही?

इथं नियम मोडतो. आग्या मोहोळ, घुबडाची ढोली, औषधी झाडाची जागा हे सगळं आम्ही "गावात" एवढंच लिहितो. एकदा मोहोळाची जागा फोटोसकट गटावर गेली आणि तिसऱ्या दिवशी तिथं फक्त धुराचा काळा डाग होता.

१८. लग्न, बारसं, दहावं टाकलं तर चालेल?

लग्न जरूर टाका, मंडप आणि पाण्याचा टँकर एकच आहे. बाकी घरचं घरात ठेवा.

१९. जुन्या वर्षाचे कागद काय करता?

चावडीच्या आतल्या खोलीत खिळ्याला एकावर एक लावतो. मागं एक जाड वही आहे, त्यात कागद सुरू व्हायच्या आधीचं, ऐकीव. आमच्या वाड्यातल्या सगळ्यांत थोरल्या आजींना साल सांगता येत नाही, पण "कोयनेचा भूकंप झाला तवा हरभरा घाट्यात व्हता, आन् पहाटं भांडी पडली" असं सांगतात. ११ डिसेंबर १९६७. आम्ही तारीख निळ्यानं लिहिली, हरभरा हिरव्यानं, आणि "कुठं" च्या रकान्यात आजींनी सांगितलं तसंच: चुलीमागच्या फळीवरनं.